बोल्ट-ॲक्शन रायफलीच्या ब्रँडविषयीचे मत कसे तपासावे आणि कसे बदलावे

रेंजवर नव्याने येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा "कोणत्या कंपनीची रायफल चांगली?" हाच असतो, आणि त्याला उत्तर देणारे जुने लोक ते उत्तर फार ठामपणे देतात. मीही त्यांच्यापैकी एक होते. एका परदेशी कंपनीची .२२ बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट म्हणजे खिटी मागे-पुढे करावी लागणारी) स्पोर्टिंग रायफल घेऊ नका, तिचे ग्रुपिंग धड येत नाही, म्हणजे गोळ्या लक्ष्यावर जवळजवळ पडत नाहीत, असे मी पुण्यात भेटलेल्या प्रत्येक नवख्याला सलग नऊ वर्षे सांगत होते. त्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार बहुतांशी चुकीची होती आणि चुकीच्या तक्रारीला कंपनीचे नाव पुन्हा चिकटवणे योग्य नाही. ते मत कसे तयार झाले, ते तपासण्यासाठी काय काय करावे लागले आणि त्यातले काय टिकले, हे नव्याने परवाना घेतलेल्यांसाठी आणि घरातली जुनी रायफल वारसाहक्काने हाती आलेल्यांसाठी क्रमाने लिहीत आहे.

आधी आपल्याकडची परिस्थिती स्पष्ट असावी. ज्या रायफलींना जगभर शिकारी रायफल म्हणतात त्यांना आपल्या परवान्यांवर आणि दुकानांत स्पोर्टिंग रायफल म्हणतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे, त्यामुळे पुण्यासारख्या शहरात अशी रायफल एकतर रेंजवर वापरली जाते, किंवा वडील-आजोबांची आठवण म्हणून कपाटात असते, किंवा पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबत वनखात्याने अटींवर परवानगी दिलेल्या शेतकऱ्याकडे असते. पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्तालयातून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि शस्त्र अधिकृतपणे दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे झाल्यास शस्त्र कायद्यानुसार लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. म्हणून येथे "नाही आवडली तर बदलू" असा विचार चालत नाही. दोन जागांपैकी एक जागा चुकीच्या मतापायी अडते, किंवा चुकीच्या मतापायी चांगली रायफल हातची जाते.

पहिली पायरी: मत पूर्ण वाक्यात लिहून काढणे

"ती कंपनी बेकार आहे" हे मत तपासता येत नाही. एक वही घ्यावी आणि त्यात कोणते मॉडेल, साधारण कोणत्या वर्षी बनलेले, कोणत्या काडतुसासह, किती अंतरावर, कोणी चालवलेले आणि नेमके काय बिघडले, हे सर्व लिहावे. मी हे लिहायला बसले तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या ठाम मताचा आधार असा निघाला: ऑगस्ट महिन्यातील एक पावसाळी सकाळ, क्लबातील एका काकांची नवी रायफल, त्यांच्याकडचे अनोळखी काडतूस, आणि मी झाडलेल्या तीन गोळ्या. तीन गोळ्या लक्ष्यपत्रावर तीन दिशांना गेल्या आणि मी रायफल परत केली. बाकी सगळे मी इतरांकडून ऐकले होते, आणि त्या इतरांपैकी दोघांनी ते माझ्याकडूनच ऐकले होते.

याच पायरीवर ब्रँड या शब्दाचाही विचार व्हायला हवा, कारण नळीवरचे नाव तेच राहते आणि आतले यंत्र, कारखाना, मालक हे सगळे बदलू शकते. विंचेस्टरची मॉडेल ७० ही रायफल १९३६ साली आली आणि तिने मोठे नाव कमावले. १९६४ साली खर्च कमी करण्यासाठी कंपनीने तिची रचना बदलली, मोठा पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर (चेंबरमधून काडतूस ओढून काढणारा भाग) काढून टाकला, दस्त्यावरची (रायफलीच्या लाकडी पकडीवरची) हाताने कोरलेली नक्षी जाऊन दाबून उमटवलेली नक्षी आली, आणि "चौसष्टच्या आधीची" व "नंतरची" अशी दोन मते त्या एकाच नावाविषयी कायमची तयार झाली. पुढे १९९२ साली जुनी पद्धत पुन्हा आणली गेली, तरी ज्यांनी १९७०च्या दशकात मत बनवले होते त्यांच्यापर्यंत ती गोष्ट अनेकदा पोहोचलीच नाही. उलट उदाहरणही आहे. रेमिंग्टन ७०० ही १९६२ पासूनची अत्यंत लोकप्रिय रायफल, पण २००६ ते २०१४ या काळात बनलेले तिचे एक्स-मार्क प्रो जातीचे ट्रिगर (चाप) कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये परत मागवले, कारण चाप न ओढता गोळी सुटण्याची शक्यता होती. म्हणजे नावावर भरवसा ठेवून मत बदलायचेच नाही, हेही तितकेच धोक्याचे आहे.

आपल्याकडच्या जुन्या घरांत "ब्रनो" हा चेक रायफलींच्या नावाचा शब्द जवळजवळ आदराने उच्चारला जातो. माझ्या वडिलांची पॉइंट टू-टू (.२२) ब्रनोच होती आणि आमच्या घरात दुसऱ्या कोणत्याही .२२ रायफलीला किंमत नव्हती. त्या चेक परंपरेतील .२२ रायफली पुढे उहेर्स्की ब्रोद येथील कारखान्यात ४५२, ४५५ आणि आता ४५७ अशा क्रमांकांनी बनत आल्या आहेत. तरीही आजच्या ४५७ला वडिलांच्या रायफलीचे गुणदोष परस्पर लावता येत नाहीत. हे मला लिहिताना जड जाते, पण माझ्या चुकीच्या मताचे अर्धे मूळ या घरच्या आदरात होते: परक्या नावाच्या रायफलीने चांगली कामगिरी करावी असे मला मुळात वाटतच नव्हते.

दुसरी पायरी: रिकामी रायफल नीट पाहणे

मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे, बोल्ट मागे घेऊन चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासावे, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे आणि मगच पुढचे काम करावे. रायफल दुसऱ्याची असेल तर ती हाती घेण्यापूर्वी रेंज अधिकाऱ्यांना विचारावे. परवाना मालकाच्या नावावर असतो, आणि रेंजच्या बाहेर, घरी किंवा शेतावर "जरा बघू दे" म्हणून रायफल देणे-घेणे कायद्यात बसत नाही.

बोल्ट बाहेर काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. त्यानंतर नळीचे तोंड भिंगाखाली पाहावे. तिथे साफसफाईच्या सळईने पडलेला एखादा लहान ओरखडा असला तरी गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीची दिशा बिघडते. त्यानंतर दस्ता आणि यंत्र जोडणारे स्क्रू तपासावेत. ते सैल असतील तर कोणतीही कंपनी चांगले ग्रुपिंग देऊ शकत नाही, आणि ते हवे तसे आवळणेही घातक असते, म्हणून माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळावेत. स्कोप (दुर्बीण) असेल तर त्याच्या रिंगांचे स्क्रूही याच वेळी पाहावेत. रायफलीवर ठपका आलेल्या किती तरी तक्रारी प्रत्यक्षात दुर्बिणीच्या सैल रिंगेच्या असतात.

आता पुण्याच्या पावसाळ्याविषयी, कारण माझ्या प्रकरणात तोच मुख्य साक्षीदार निघाला. त्या काकांच्या रायफलीचा दस्ता लाकडी होता. ज्या रायफलीत नळी दस्त्यापासून सुटी ठेवलेली असते, तिथे नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून ती चेंबरच्या दिशेने सरकवून पाहता येते. पट्टी न अडता गेली तर नळी मोकळी आहे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडची हवा इतकी ओलसर असते की आतून नीट पॉलिश न केलेले लाकूड फुगते, एका बाजूने नळीला टेकते, आणि प्रत्येक गोळीगणिक नळी तापत गेली की तो दाब बदलत जातो. नऊ वर्षांनंतर आम्ही तीच रायफल पुन्हा तपासली तेव्हा जुलै महिना होता आणि कागदाची पट्टी पुढच्या टोकापासून जेमतेम चार बोटांवर अडली. मार्चमध्ये तीच पट्टी सहज गेली असती. परवानाधारक कारागिराकडून लाकडाची आतली बाजू किंचित तासून तिला सीलर लावून घेतल्यावर ती अडचण संपली. ट्रिगरचे काम मात्र कोणीही घरी करू नये, अगदी इंटरनेटवर सोपे दिसले तरीही.

ज्यांची रायफल निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्यात जमा होती, त्यांनी ती परत मिळाल्यावर ही सगळी तपासणी पुन्हा करावी. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. ज्यांना रायफल जमा करावी लागली त्यांच्याकडे ती काही काळ नव्हतीच. इतके दिवस तेल न लागलेल्या रायफलीवरून मत बनवू नये.

तिसरी पायरी: काडतूस

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण .२२ रायफलींविषयीची बहुतेक वाईट मते काडतुसापाशी सुरू होतात. .२२ लाँग रायफल हे रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे, काडतूस आहे. ते आपण घरी भरू शकत नाही, कारखान्याने दिले तसेच वापरावे लागते, आणि प्रत्येक नळीला त्यातले कोणते आवडते हे झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. साध्या वेगाच्या काडतुसातून गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या थोडी खालीच. हाय व्हेलॉसिटी काडतुसाची गोळी साधारण ३८० मीटर वेगाने निघते आणि ५० मीटरच्या आसपास ध्वनीच्या वेगाखाली उतरते. तो टप्पा ओलांडताना गोळी डळमळते. "जास्त वेग म्हणजे जास्त नेम" असे समजून नवखे लोक महाग आणि वेगवान डबा घेतात आणि मग रायफलीला दोष देतात. काकांच्या त्या दिवशीच्या डब्यात नेमके तेच होते.

डब्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेचा क्रमांक, वहीत लिहून ठेवावा. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे काडतूस दोन लॉटमध्ये दोन प्रकारचे ग्रुपिंग देऊ शकते. ऑलिम्पिक दर्जाचे नेमबाज आपल्या नळीसाठी लॉट निवडतात ते याच कारणाने. शिवाय .२२च्या गोळीवर मेणासारखे वंगण असते आणि ते नळीत बसते. एक काडतूस बदलून दुसरे घेतले, किंवा नळी साफ केली, की सुरुवातीच्या काही गोळ्या भरकटतात. त्या १० ते १५ गोळ्या नोंदीत धरू नयेत. माझ्या नऊ वर्षांपूर्वीच्या तीन गोळ्या साफ केलेल्या नळीतून, नव्या काडतुसाच्या पहिल्याच तीन होत्या. हे वहीत लिहिताना मला खरोखर लाज वाटली.

मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफली ज्यांच्याकडे आहेत त्यांनीही काडतुसाच्या बुडावरची अक्षरे पाहण्याची सवय लावावी. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, आणि "के. एफ." ही त्याची खूण जुन्या काडतुसांवर दिसते. वडिलांच्या कपाटातून रायफलीबरोबर निघालेली वर्षानुवर्षे जुनी काडतुसे वापरून रायफलीची परीक्षा करू नये. ती परवान्यानुसार अधिकृतपणे जमा करावीत आणि नव्या काडतुसांनी सुरुवात करावी.

चौथी पायरी: बोल्ट चालवण्याची पद्धत

"काडतूस अडकते" ही दुसरी मोठी तक्रार, आणि ती तपासताना यंत्र कोणत्या घराण्याचे आहे ते कळले पाहिजे. १८९८च्या माउझर पद्धतीच्या यंत्रात बोल्ट उघडताना स्प्रिंग ताणली जाते आणि पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड आधीच धरतो. अशा रायफलीत काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून वरून बोल्ट लावला, तर एक्स्ट्रॅक्टरला त्या कडेवरून जबरदस्तीने उडी मारावी लागते आणि तो कालांतराने तुटतो. तो तुटला की कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. ली पद्धतीच्या यंत्रात स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते, म्हणून शेवटचा जोर जास्त लागतो, आणि ज्याने आधी माउझर चालवली आहे त्याला ती रायफल "जड" वाटते. .३१५ सारखे कड असलेले काडतूस मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे येईल असेच भरावे लागते. उलटे भरले की कडेत कड अडकते आणि बोल्ट पुढे जात नाही.

या सर्वांवर एक साधी गोष्ट: बोल्ट शेवटपर्यंत मागे आणि शेवटपर्यंत पुढे, एका लयीत न्यावा. हळुवारपणे, अर्धवट मागे घेतलेला बोल्ट रिकामे काडतूस बाहेर फेकत नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष चाचणी

रेंज सुरक्षित आणि अधिकृत असावी. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील रेंजबद्दल किंवा इतर ठिकाणांबद्दल आपल्या क्लबमार्फत आणि जिल्हा रायफल संघटनेमार्फत परवानगीची चौकशी करावी. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवल्यानंतर अनेक नवे चेहरे रेंजवर आले, आणि ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण त्या प्रकारातली मॅच रायफल आणि आपली स्पोर्टिंग रायफल यांची तुलना करू नये. मॅच रायफल एकाच कामासाठी घडवलेली असते आणि तिचे वजन, चाप, दस्ता सगळेच वेगळे असते.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, ५० मीटरवर, पाच गोळ्यांचा एक ग्रुप असे पाच ग्रुप एका काडतुसाने झाडावेत. मग नळीला नव्या काडतुसाची सवय होऊ देऊन दुसऱ्या काडतुसाने तेवढेच. तीन गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप योगायोगाने येतो आणि एक वाईट ग्रुपही योगायोगानेच येतो. पाच ग्रुपांची सरासरी योगायोगाला फारसा वाव देत नाही. ग्रुपमधल्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटर, वजा करावा. नेमबाज ग्रुप ज्या मापाने सांगतात तो एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) ५० मीटरवर साधारण १४.५ मिलिमीटर होतो, आणि ५० मीटर रायफलीच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. या दोन आकड्यांच्या शेजारी आपला आकडा ठेवला की कोणत्याही विशेषणाची गरज राहत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काडतूस आणि स्क्रू एकाच दिवशी बदलले तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. वारा जोरात असेल तर घरी जावे. आणि शक्य असेल तर निम्मे ग्रुप अशा दुसऱ्या नेमबाजाने झाडावेत ज्याचे त्या ब्रँडविषयी आपल्यासारखे मत नाही, कारण हात मनाच्या मागे जातो. आम्ही काकांच्या रायफलीची चाचणी तीन वेगवेगळ्या रविवारी घेतली. दस्त्याचे काम होण्यापूर्वी आणि त्याच हाय व्हेलॉसिटी काडतुसाने सरासरी ३४ मिलिमीटर आली, म्हणजे माझी जुनी तक्रार त्या परिस्थितीत खरीच होती. दस्ता दुरुस्त झाल्यावर त्याच काडतुसाने २६ आली. साध्या वेगाच्या काडतुसाने १६. काकांनी लक्ष्यपत्र माझ्या हातात दिले आणि एवढेच म्हणाले, "अगं, तीन गोळ्यांवर तू नऊ वर्षांचा निकाल दिलास." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागले.

सहावी पायरी: मताचा कोणता भाग टिकतो ते वेगळे करणे

मत बदलले म्हणून आधीच्या सगळ्या तक्रारी पुसून टाकू नयेत. त्या रायफलीचे प्लास्टिकचे मॅगझिन मला आजही पसंत नाही, आणि त्याचा सुटा भाग पुण्यात मिळवायला काकांना सात महिने थांबावे लागले. चापाचा ताण मला हवा त्यापेक्षा जास्त आहे. पण "ग्रुपिंग धड येत नाही" हे वाक्य मी मागे घेतले, आणि त्याच्या जागी "लाकडी दस्ता पावसाळ्यात तपासावा, साध्या वेगाचे काडतूस वापरावे" असे लिहिले. नवख्याला या दुसऱ्या वाक्याचा उपयोग होतो. सुट्या भागांची उपलब्धता आणि दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराचे अंतर हे मुद्दे वहीत स्वतंत्र ठेवावेत, कारण अचूक रायफलही सुट्या भागावाचून कपाटात पडून राहते.

सातवी पायरी: ज्यांना सांगितले त्यांना पुन्हा सांगणे

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मी वहीत आठवून आठवून अकरा नावे लिहिली, ज्यांना मी त्या रायफलीपासून परावृत्त केले होते. त्यांतल्या सात जणांशी फोनवर बोलणे झाले. प्रत्येकाला चाचणीचे तिन्ही आकडे, काडतुसाचा लॉट आणि दस्त्याची गोष्ट सांगितली, "आता ती घ्या" असे मात्र सांगितले नाही. दोघांना फरक पडला नव्हता. एकाने तीच रायफल माझे न ऐकता घेतली होती आणि तो समाधानी होता.

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका तरुणाने मात्र माझ्या शब्दावर तो विचार सोडून दुसरी, महाग रायफल घेतली होती, आणि त्यासाठी त्याच्या आईने साठवलेले पैसे वापरले होते. त्याची मी क्षमा मागितली. पुढच्या रविवारी, रेंज अधिकाऱ्यांच्या परवानगीने, त्याने काकांच्या देखरेखीखाली त्यांच्या रायफलीने पाच ग्रुप झाडले. सरासरी १७ मिलिमीटर आली. आपली रायफल मात्र त्याला बदलायची नाही, कारण तिच्या दस्त्याची लांबी त्याच्या खांद्याला बरोबर बसते. जाताना त्याने काडतुसाच्या डब्यावरचा लॉट क्रमांक विचारला आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतला.